नळीतला चहा

पडद्यापलीकडे तिघं होती: नाकातल्या नळीतून पोटात अन्न घेणारे आजोबा, त्यांची बायको आणि सिस्टर. अलीकडच्या खाटेवर पाय प्लास्टरमध्ये अडकलेली एक शिक्षिका होती. तिला काही कान मिटून घेता येत नव्हते.

"आजी, नळीतून ओढलं तर सिरिंजमध्ये हे तपकिरी काय आलं? रक्त असेल तर डॉक्टरांना बोलवावं लागेल."

"रक्त कसलं. चहा आहे."

"चहा कोणी दिला?"

"मीच. अर्धा कप, नळीतून. बिनसाखरेचा हो, मधुमेह आहे त्यांना."

"आधी नळी जागेवर आहे का ते पाहिलंत?"

"त्यांनी तोंड वाकडं केलं नाही."

"नळीतून चव लागत नाही, आजी."

"तरीच. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच माझ्या चहाला नावं ठेवली नाहीत."

"नळी सरकली असेल तर चहा फुफ्फुसात गेला. माणूस जिवाला मुकतो त्यानं."



"आता कसं कळायचं, बाई?"

"हा आम्ल मोजायचा कागद त्यात भिजवते. रंगावरून आकडा पाच किंवा कमी आला तर ते पोटातलं आम्ल, म्हणजे नळी पोटातच आहे."

"आणि जास्त आला तर?"

"जरा थांबा, आजी."

शिक्षिका कोपरावर उठून पडद्याकडे कान देऊ लागली.

"चार," सिस्टर म्हणाली.