धान घरात असताना

शेवंताताईची तोंडी परीक्षा मी पाहिलेली नाही. त्या दिवशी मी तापाने घरी होते. ताई आणि तिचे गुरुजी यांच्या हकिकती जेवढ्या जुळल्या, तेवढेच सांगते. पन्नासच्या दशकातले आमचे सावली गाव; ताई नापास झाली तर बाबा तिला शाळेतून काढणार, हे ठरलेले होते.

तपासनीस साहेबांनी विचारले, "लाउसचे अनेकवचन?"

"लाइस."

"गूसचे?"

"गीस."

"माउसचे?"

ताईने तोंडावर हात ठेवला.

"काऊन वं, चूप झाली? काल तं येत होतं तुले!" गुरुजी कळवळले.

"धान घरात आहे, गुरुजी. त्याईचं नाव घेतलं का ते येतेत. मायनं मना केलं आहे."

"अवं, इंग्रजीत त्याईले काय समजते?"

ताई साहेबांपाशी गेली आणि त्यांच्या कानात उत्तर पुटपुटली. साहेब हसले. ताई पास झाली.

पुढच्याच पंधरवड्यात उंदरांनी आमची धान साठवायची ढोली फोडली.

"शिक आखीन इंग्रजी!" माय कडाडली, पण ताईची शाळा तिने सुटू दिली नाही.

आता माय नाही, ती ढोलीही नाही. उंदरांना इंग्रजी कळत होते की नाही, याचा निकाल मात्र आमच्या घरात अजून लागलेला नाही.