सेल्माचा तास

ब्राझीलमधल्या साओ लिओपोल्दोच्या बसमध्ये इवोनी पेंगत होती. बुटांच्या कारखान्यातली पहिली पाळी नुकतीच संपली होती. पुढच्या बाकावर दोन म्हाताऱ्या घरच्या जर्मन बोलीत कुजबुजत होत्या.

"सेल्मा, एवढी नटूनथटून कुठे गं?"

"युनिव्हर्सिटीत. तास आहे माझा."

"या वयात शिकतेस?"

"शिकवते, नेल्सी."

"तिसरी नापास तू! काय शिकवतेस, बटाटे सोलायला?"

"आपण आत्ता बोलतोय ना, ते."

"हे? अगं, याच्यापायी तर बाईंनी तुला मक्याच्या दाण्यांवर गुडघे टेकायला लावले होते!"

"आणि तू फिदीफिदी हसलीस, म्हणून तुलाही."

"शू! हळू बोल. बस भरलीय."

"महायुद्धातली जर्मन बोलण्यावरची बंदी उठून साठ वर्षं झाली. बोल की मोठ्याने."

"सवयच मोडत नाही मेली. पिशवीत काय? मक्याचे दाणे?"

"द्राक्षं घातलेला कूका केक. अजून गरम आहे. तासाला जो पोर्तुगीज बोलेल, त्याला तुकडा नाही."

"आणि ऐकतात?"

"परवा मोठे प्राध्यापक आले होते. चुकून पोर्तुगीजमध्ये 'शाबास' म्हणाले. गेले तसेच उपाशी."

"अरे देवा!"

"नेल्सी, तुझा स्टॉप गेला बघ."

"जाऊ दे. मी येते तुझ्याबरोबर. मला सगळं बोलता येतं, मला दोन तुकडे."

इवोनीचाही स्टॉप केव्हाच मागे पडला होता. ती पुढे वाकली. आई गेल्यापासून जी बोली तिच्या तोंडून निघाली नव्हती, त्याच बोलीत ती भरल्या बसमध्ये खणखणीत म्हणाली,

"आजी, मला थोडंथोडंच येतं. अर्धा मिळेल?"