वाटप आणि भावोजींचा श्वास

तुम्ही म्हणाल, माशांच्या वाटपाचा, म्हणजे कालवणासाठी वाटलेल्या खोबऱ्या-मसाल्याचा, आणि माणसाच्या श्वासाचा काय संबंध? आमच्याकडे लागला. माझे भावोजी मुंबईहून कॅम्परव्हॅन घेऊन आले. झोपेत त्यांचा श्वास अडकतो, म्हणून ते मास्क लावून सीपॅप मशीनवर झोपतात. गाडीत ते बॅटरीवर चालतं. बहिणीची हौस एकच, कुणकेश्वरला समुद्रासमोर गाडीत राहायचं. मालवणातलं किराणा दुकान बंद करून मीही गेलो.

संध्याकाळी भावोजी ओरडले, "बॅटरी निम्म्यावर कशी?"

बहीण म्हणाली, "मिक्सर लावलंय. बिनवाटपाचे बांगडे तुमी खातास?"

"एवढ्यावर रात्र निघणार नाही. आवरा, घरी जाऊ."

बहिणीचा चेहराच उतरला. मी मशीन निरखलं. त्याला पाण्याचा डबा होता.

"ह्यां पाणी कित्याक ओ?"

"हवा कोरडी लागू नये म्हणून. मशीन ते तापवतं. सगळ्यात जास्त बॅटरी तेच खातं."

"भावोजी, माझ्या दुकानात मिठाक आपसूक पाणी सुटता. हंयची हवा ओली करूक तुमी बॅटरी जाळतास?"

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर हसत म्हणाले, "चालेल, पाणी तापवणं बंद करून झोपा." माझा जीव भांड्यात पडला.

सकाळी भावोजी ताजेतवाने उठले. आधी बॅटरी पाहिली, मग बायकोला हाक मारली, "अगं, पुष्कळ उरलीय! मी सुरमई आणतो, वाटप जरा जास्तच कर."