पुढच्या चाकाचे काम मीच केले, याबाबत थोरल्या भावाचा जबाब

नाव रजिस्टरात वर लिहिलेले आहे. वय ५९ वर्षे. धंदा काही नाही, पूर्वी बस डेपोत फिटर, एकोणतीस वर्षे नोकरी, आता निवृत्त. राहणार पाण्याच्या टाकीमागे, बैठ्या घरांच्या रांगेत शेवटून दुसरे घर. डेपोत मला 'रेघवाले' म्हणत. त्याचे कारण पुढे येईल.

मी ठाण्यात, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या मनाने असे सांगतो की मला आज फक्त एका गोष्टीला दुजोरा द्यायला बोलावले होते. माझ्या धाकट्या भावाच्या मोटरसायकलचे पुढचे चाक आणि ब्रेक कोपऱ्यावरच्या मिस्त्रींनी बसवले, एवढेच मी म्हणायचे होते. ते खरे नाही. मिस्त्रींनी सामान विकले. काम माझ्या अंगणात, माझ्या हाताने झाले.

धाकटा वीज मीटरचे रीडिंग घेतो. दिवसभर गाडीवर असतो. गाडी चौदा वर्षांची, पुढे जुना ड्रम ब्रेक. टाकीच्या उतारावर तो ब्रेक लागे, पण लागायला वेळ घेई. गेल्या महिन्यात एक म्हातारे गृहस्थ आडवे आले तेव्हा गाडी त्यांच्या काठीला टेकून थांबली. त्यानंतर धाकट्याने पुढे डिस्क ब्रेक लावायचे ठरवले. मिस्त्रींकडे मोडीत आलेल्या तशाच, पण नव्या धाटणीच्या गाडीचे चाक, डिस्क, चाक धरणारा फोर्क आणि डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा काढणारा कॅलिपर असा सगळा संच होता. मिस्त्री म्हणाले, "इथेच बसवून देतो." धाकटा म्हणाला, "घरी बसवतो." हे मिस्त्रींनी परवाच पोलिसांना सांगितले आहे आणि कोणी ऐकलेले नाही.

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास धाकटा गाडी ढकलत माझ्या दारात आला. चाक सीटला दोरीने बांधले होते. म्हणाला, "दादा, बावीसचा पाना आहे का?" बावीसचा पाना त्याच्याकडे आहे. मीच दिलेला आहे. पण आमचा दोन वर्षे अबोला होता. कारण सांगायलाही लाज वाटते. त्याने घरी पंखा बसवला होता आणि त्याच्या सासरच्या माणसांसमोर मी स्टुलावर चढून एकेक स्क्रू परत आवळला. हवालदार म्हणतात याची गरज नाही. मी म्हणालो, लिहा. मी कसा माणूस आहे ते त्याशिवाय कळणार नाही.

मी त्याला पाना दिला आणि आत गेलो नाही. तिथेच बसलो. जुना फोर्क उतरवला, नवा चढवला, चाक घातले, चाकाचा एक्सल मी जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने आवळला. हँडलवर ब्रेक ऑइलची डबी आणि लिव्हर धाकट्याने लावले. काम चांगले करतो. मी तसे त्याला म्हणालो नाही.

आता रेघेविषयी. आमच्या डेपोत रीत अशी की एकाने बोल्ट आवळायचा, दुसऱ्याने त्यावर पाना लावून बघायचा आणि मग बोल्टच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ मारायची. बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसते. दुसऱ्याने बघितल्याशिवाय रेघ मारायची नाही. ही रीत मी लावली, आणि तिच्यापायी मी लोकांच्या शिव्या खाल्ल्या. नावही तेव्हाच पडले. एकोणतीस वर्षांत रेघ असलेला बोल्ट मी पुन्हा तपासला नाही, कारण रेघेचा अर्थच तो होता.

कॅलिपर फोर्कला धरून ठेवणारे दोन बोल्ट मी त्या दिवशी फक्त हाताने फिरवून ठेवले. ब्रेक ऑइलच्या नळीतली हवा काढताना कॅलिपर हलवावा लागतो, नंतर आवळू असा विचार. रंगाची डबी उघडी होती, ब्रश हातात होता, एक्सलची रेघ मारून झाली होती. मी धाकट्याला म्हणालो, "हे आवळल्यावर तू बघ, मग मी रेघ मारतो." तो म्हणाला, "झालं तुझं सुरू. इथे काय डेपो आहे? मार की तूच." दुसरा कोणी असता तर मी ऐकले नसते. पण दोन वर्षांनी तो दारात आला होता, आणि वाद घालून त्याला परत घालवायचे माझ्या जिवावर आले. म्हणून त्या दोन बोल्टांवर रेघा मारून टाकल्या. आवळायच्या आधी मारल्या.

मग हवा काढली. तो वर लिव्हर दाबणार, मी खाली नळीचे तोंड उघडणार. मी म्हणायचे "दाब", तो म्हणायचा "दाबला", मी म्हणायचे "सोड". अर्धा तास हे चालले. दोन वर्षांत बोललो नव्हतो तेवढे आम्ही त्या अर्ध्या तासात बोललो. बुडबुडे थांबले, लिव्हर दगडासारखा घट्ट झाला. धाकटा हसला. मीही हसलो असेन. माझी बायको चहा घेऊन आली, आणि आम्हाला एकत्र बसलेले पाहून कप ठेवून आत गेली.

निघताना धाकट्याने खाली वाकून विचारले, "दादा, हे आवळलंस ना?" मी पाहिले. पिवळी रेघ दिसली. मी म्हणालो, "रेघ आहे ना? मग आवळलंय." माझ्या कुठल्याही शब्दावर दहा शंका काढणारा माणूस, त्याने त्या दिवशी एकही काढली नाही. गाडीवर बसला आणि गेला.

सोमवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास टाकीच्या उतारावर, वळणाच्या आत, खालचा बोल्ट पडला आणि कॅलिपर फिरून चाकात अडकला. चाक जागच्या जागी जाम झाले. धाकट्याच्या उजव्या मांडीचे हाड दोन ठिकाणी मोडले, त्यात सळई घातली आहे. डॉक्टर म्हणतात सहा महिने पायावर भार नको. त्याचे काम सगळे जिने चढण्याचे आहे.

त्याच्या बायकोने मिस्त्रींविरुद्ध तक्रार दिली. तिला खरे ठाऊक नव्हते. काल हॉस्पिटलात धाकट्याने मात्र ठाऊक असून जबाब दिला की चाक मिस्त्रींनी बसवले. मी संध्याकाळी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "तू तिथे नव्हतासच. कळलं?" आणि भिंतीकडे तोंड फिरवले. त्याची बायको माझ्यामागे दारापर्यंत आली. म्हणाली, "दादा, तुम्ही फक्त हो म्हणा." मी रात्रभर हो म्हणायचेच ठरवले होते.

आज आत येताना मिस्त्री बाहेर बाकावर बसलेले दिसले. दुकान चार दिवस बंद आहे. मला पाहून ते उठले आणि म्हणाले, "बसा, तुमचे गुडघे दुखतात." मी बसलो नाही.

सामानात दोष नव्हता. धाकट्याचीही चूक नाही. त्याने विचारले होते, मी पाना न लावता हो म्हणालो. त्याच्या कालच्या जबाबाबद्दल त्याच्यावर कारवाई करू नये अशी विनंती आहे. लहानपणापासून आजवर तो माझ्या बाजूने एकदाही बोललेला नाही. घरात, शाळेत, आईवडिलांपुढे, कधीच नाही. काल पहिल्यांदा बोलला. ते खोटे आहे असे मला इथे लिहून द्यावे लागत आहे, आणि याचे मला फार वाईट वाटते. त्याला हे पोलिसांनी सांगू नये. मी इथून सरळ हॉस्पिटलात जाऊन स्वतः सांगणार आहे. तो पुन्हा बोलणे टाकील. टाकू दे.

हा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. एके ठिकाणी त्यांनी माझ्यावर दया करून 'नजरचुकीने' असे घातले होते. ते मी खोडायला लावले. नजर शाबूत होती. त्या जागी 'पाना न लावता हो म्हणालो' असे लिहून घेतले. आता सगळे मी सांगितले तसेच आहे, म्हणून खाली सही करतो.