मग बोलू!

‘उद्या रविवार, चर्चला या दोघी. मग बोलू.’

मग बोलू! आता मला सांगा, शनिवारी संध्याकाळी, दार लावता लावता, असं कुणी कुणाला सांगतं का? तुम्हाला सांगते, रात्रभर छताकडे बघत पडले होते मी. कारण सांगणाऱ्या कोण, तर शेजारच्या काकू. शाळा सुटल्यापासून मी ऑफिसातून येईपर्यंत आमची कन्या ज्यांच्याकडे असते त्या. पाळणाघरात ती टिकली नाही, माझी आई लांब, सासूबाईंचे गुडघे गेलेले. म्हणजे काकू ‘नाही’ म्हणाल्या की माझी नोकरी संपली! आणि नवरा? कूस बदलून म्हणतो कसा, ‘अगं, बोलायचंय म्हणजे बोलायचंय. झोप.’ आणि घोरायला लागला. यांना झोप येते कशी हो? रागावण्यात माझं काही चुकलं का?

बरं, मी म्हटलं, निदान तिथे तरी पोरीनं दिवे लावायला नकोत. प्रश्न विचारायला लागली की थांबत नाही ना ती! म्हणून सकाळी वेणी घालताना बजावलं, ‘एक अक्षर बोलायचं नाही. बाकीचे करतील तसंच करायचं.’ ‘बरं,’ म्हणाली. एवढंच! तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

चर्च जुनं, उंच, आणि शांतता अशी की माझी चप्पल वाजतेय याचीच मला लाज वाटायला लागली. काकूंच्या बाकावर बसलो. पुढच्या बाकाला खाली एक गादीची फळी होती. मी म्हटलं, वा, काय सोय आहे! पर्स ठेवली, पर्सशेजारी पाय ठेवले. मागून एक बाई माझ्या मानेत कुजबुजल्या, ‘अहो, ते गुडघ्यांसाठी आहे.’ मला वाटलं, दुखऱ्या गुडघ्यांसाठी! म्हटलं, ‘माझे ठीक आहेत, थँक्यू.’ तेवढ्यात सगळे त्या फळीवर गुडघे टेकून बसले की हो. आमची कन्यासुद्धा! डोळे मिटून, हात जोडून, जणू जन्मल्यापासून हेच करतेय. आणि मी पर्स ओढतेय, ती अडकलीय, किल्ल्या खळखळतायत... आता दारावर पाटी लावायला काय होतं, पाय ठेवू नये म्हणून? माझं काय चुकलं?

मग उभं राहायचं. मग बसायचं. परत उभं. मी प्रत्येक वेळी वरातीमागून घोडं! सगळे बसले की मी उभी, सगळे उभे की मी नुकतीच टेकलेली. आणि मागच्या बाई प्रत्येक चुकीला खोकतात. खोकला असेल तर औषध घ्या ना!

भिंतीवर फळा, फळ्यावर आकडे. मी शिकलेली बाई, मला कळलं की गाणी या क्रमाने आहेत. पुस्तक उघडलं, ते पान काढलं, आणि म्हटलं, आता दाखवतेच यांना. खड्या आवाजात सुरू केलं. दोन ओळी झाल्यावर लक्षात आलं, सगळं चर्च एक गातंय आणि मी भलतंच! अहो, तो गीताचा नंबर होता, पानाचा नाही. मी गात होते ते कुणाला तरी पुरतानाचं. काकूंनी माझ्याकडे बघितलं. ओठ घट्ट मिटलेले. झालं, म्हटलं, गेली नोकरी.

मग सगळे एकमेकांना हात देऊन शांती चिंतायला लागले. मला वाटलं, ओळख करून घेतायत. मी प्रत्येकाला माझं नाव, मजला आणि ऑफिसातलं खातं सांगितलं. खोकणाऱ्या बाईंनाही! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आणि मग तो प्रकार झाला. लोक रांगेनं पुढे निघाले, पाद्रींच्या हातून भाकर घ्यायला. काकू म्हणाल्या, ‘तुम्ही बसा हं, हे आमच्यातल्यांसाठी असतं.’ मी बसले. एकदाचं बरोबर बसले! शेजारी बघते तर पोरगी नाही. रांगेत उभी! बाकीचे करतील तसंच करायचं ना? धावले. ती थेट पाद्रींसमोर, त्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे मान वर करून, आ वासून उभी. त्यांनी शांतपणे तिच्या डोक्यावर हात ठेवला, आशीर्वाद पुटपुटले. प्रकरण तिथेच मिटलं असतं हो! पण मी धापा टाकत पोचले, तर तोच हात माझ्याकडे वळला, आणि मी ओरडले, ‘नको नको, आम्ही नुसत्या काकूंबरोबर आलोय!’ त्या घुमटात ते वाक्य कितीतरी वेळ फिरत होतं. ‘आलोय... आलोय...’

संपल्यावर बाहेर पायऱ्यांवर मीच सुरुवात केली. म्हटलं, कटकट एकदाची संपू दे. ‘काकू, कळलं मला. झेपत नाही ना आता? मी बघते दुसरं काहीतरी.’

‘काय झेपत नाही?’ काकू म्हणाल्या. ‘मी तर उलटंच विचारणार होते गं. काका गेल्यापासून त्या बाकावर एकटीला बसवत नाही. म्हटलं, रविवारीही पाठवशील का हिला? तेवढीच सोबत.’

म्हणजे रात्रभर मी जिवाचं जे पाणी केलं ते यासाठी! काकूंनी खाली वाकून पोरीलाच विचारलं, ‘येशील का गं माझ्याबरोबर?’

तिनं आधी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग म्हणाली, ‘मी येईन. आई जरा मोठी झाली की तिलाही आणू.’