नावेतला एसी

(धरणाचा काठ, मे महिन्यातली सकाळ. नावेवर प्लायवूडची छोटी खोली ठोकलेली, तिच्या खिडकीत जुना एसी. बाजूला जनरेटर.)

सुगत : थांबा, दाजी. नुसती दोरी ओढत बसू नका. आधी एसी बंद करा, मग जनरेटर चालू करा.

अश्वजित : तसंच तर करायलोय सकाळपासून. पंखा फिरतो, झकास फिरतो. आन् कॉम्प्रेसरनं गुर्र केलं की हे बेणं मरतं.

सुगत : मरणारच. एसी सुरू होताना तिप्पट ताकद मागतो. एकदा फिरला की मग थोडक्यात भागवतो. पण ती पहिली ओढच याला झेपत नाही.

अश्वजित : अरे, ह्याच जनरेटरवर आख्खी जयंती काढली आपण! माइक, लायटिंग, विहारावरची झालर. गावभर मिरवणूक फिरली, एकदा बी बंद पडला न्हाई. आन् आता एक डबडं उचलंना व्हय?

सुगत : माइकचं वेगळं, याचं वेगळं. मला फोन तरी करायचा आधी.

अश्वजित : घरी लायटीवर लावून बघितला की. खोलीत निस्ता बर्फ! मला वाटलं, झालं काम.

लुंबिनी : मामा, मी गोधडी मागितली होती. खरंच! मे महिन्यात गोधडी!

सुगत : तू आत बस बरं, लुंबे. टॉवेल ओला आहे का?

लुंबिनी : हाय.

सुगत : गरम होतंय?

लुंबिनी : बिलकुल न्हाई.

अश्वजित : तिचं ऐकू नको. दुसरीत होती तवा पहाटं पहाटं नेलो होतो, तवा बी बिलकुल न्हाईच म्हणत होती. परत येताना ऊन चढलं आन् मधी पाण्यात आकडी आली लेकराला. घामच येत न्हाई रे हिला, जन्मापासून. अंगातली आग बाहेर पडावी कुठून? वल्हं सोडून पाणी मारत बसलो, नाव आपली गरागरा फिरायली. तवापासून हिच्या आईनं, शीलानं, हिला नावंत पाय ठेवू दिला न्हाई.

सुगत : मग थंडीत न्यायची.

लुंबिनी : थंडीत गाव कुठं असतं, मामा? थंडीत सगळं पाणीच. मे महिन्यात पाणी आटलं की तेवढंच वर येतं जुनं गाव. आजोबांचं घर, विहीर, सगळं. म्हणजे घर न्हाई, उंबरा हाय फक्त.

सुगत : आणि रात्रीचं? गार पडल्यावर?

अश्वजित : पाण्यात बाभळीचे खुंट हायेत जागोजागी. अंधारात एक लागला की नाव फाटली. मी रोज नाव चालवतो म्हणून सांगतो, रातच्याला माझी बी हिंमत न्हाई.

सुगत : मग पुढच्या वर्षी नीट तयारी करू की.

अश्वजित : पुढचं वर्ष न्हाई, सुगत. धरणाची भिंत उंच व्हायली. यंदा बुडालं की गाव कायमचं बुडालं. म्हणून तर सगळे उंबरा धुवायला गेलेत आज.

लुंबिनी : आजोबा पहिल्याच नावंत गेले. म्हणले, लुंबी आल्याबिगर मेणबत्ती लावत न्हाई.

सुगत : नांदेडहून मोठा जनरेटर आणू?

अश्वजित : नाव बघ की. आताच काठ पाण्याला टेकायला आलाय. मोठा ठेवला की आपण सगळेच जुन्या गावात, कायमचे.

सुगत : बरं. हा कपॅसिटर लावून बघतो. सुरुवातीला जरा धक्का मिळतो यानं. पण दाजी, खात्री देत नाही.

अश्वजित : लाव बाबा. काहीबी लाव.

सुगत : हं. ओढा दोरी. चालू राहू द्या... जरा गरम होऊ द्या त्याला... आता पंखा. लुंबे, मी म्हणल्यावर बटन फिरव. आता!

लुंबिनी : पप्पा! पप्पा, गार आलं! मामा, गार आलं!

अश्वजित : ढकल, सुगत, ढकल नाव! चढ लवकर! लुंबे, दार लाव, आतला गारवा जाऊ देऊ नको!

सुगत : दाजी, सावकाश. आवाज बदलायलाय त्याचा.

अश्वजित : बदलू दे. चालतोय न्हवं!

लुंबिनी : पप्पा... बंद झालं.

अश्वजित : न्हाई, न्हाई. एकदा झालं म्हणजे परत होतं. सरक, सुगत.

सुगत : दाजी, बस करा. धूर निघालाय. आतून जळलाय तो.

अश्वजित : एकदाच ओढतो.

सुगत : दोरी तुटली, दाजी.

लुंबिनी : पप्पा, तसंच चला. मी टॉवेल भिजवत बसते. मला गरम न्हाई... मला न्हाई होत...

सुगत : दाजी, तोंड बघा तिचं. लालबुंद झालंय. मागं फिरवा नाव. आत्ता फिरवा.

अश्वजित : फिरवायलोय. पाणी टाक तिच्या डोक्यावर. टाक, टाकत ऱ्हा. लुंबे, डोळे मिटू नको. माझ्याकडं बघ.

लुंबिनी : बघायले की.

अश्वजित : आख्ख्या गावाला नेतो मी, सुगत. पाहुण्यांना नेतो, शेळ्या नेतो, कुणाची खाट नेतो. आन् माझं एक लेकरू मला पलीकडं नेता येईना. काय करू मी? सांग, काय करू?

सुगत : आधी काठ गाठू, दाजी. टेकली नाव. घ्या तिला, लिंबाच्या सावलीत चला. आकडी नाही, शुद्धीत आहे.

लुंबिनी : मामा...

सुगत : बोल, बाळा.

लुंबिनी : दुसरी नाव निघायली बघा. तुम्ही जावा तिच्यात. आजोबांना सांगा, मेणबत्ती लावा म्हणावं. ते तसेच उन्हात बसतील न्हाईतर.

सुगत : जातो. पण तू?

लुंबिनी : पप्पा हायेत की. आन् आजोबांना सांगू नका, जनरेटर जळला म्हणून. लुंबीला झोप लागली म्हणा.

अश्वजित : जा, सुगत. मी हाय... लुंबे, जरा खाली टेकवतो तुला. सगळा घामानं भिजलोय मी, तुझ्या अंगाला लागायलाय. पुसून घेतो.

लुंबिनी : नका पुसू, पप्पा. गार लागायलंय.