उप्पु जास्ती

रुचिरा : ऋजूनं ताट ढकललं. वरण अळणी आहे म्हणते. आई, मीठ विसरलीस?

कमलिनी : विसरले नाही.

रुचिरा : मग?

कमलिनी : लिंबू पिळून दे. खाईल.

रुचिरा : सात वर्षांची आहे ती. परवापासून पोट धरून होती, आज कुठे भूक लागलीय. आई, इकडे बघ. काय झालं?

कमलिनी : तू तिला आंघोळ घालत होतीस, तेव्हा तुझा फोन वाजला. लॅबमधल्या मुलीचा.

रुचिरा : आणि आत्ता सांगतेस?

कमलिनी : तिच्या पायांवरचे जांभळे ठिपके मोजत तुम्ही दोघी हसत होतात. माझ्यानं सांगवेना.

रुचिरा : काय म्हणाली?

कमलिनी : तमिळच गं, भराभरा. मला दोनच शब्द कळले. उप्पु जास्ती. उप्पु म्हणजे मीठच ना? खालचा दुकानदार तेच म्हणतो.

रुचिरा : मीठच. पण इथे किडनीच्या तपासणीतल्या क्रिएटिनिनलाही उप्पुच म्हणतात.

कमलिनी : तुझ्या बाबांचं वाढायचं ते?

रुचिरा : तेच.

कमलिनी : देवा! अगं, पण रक्तवाहिन्यांचा हा आजार मुलांमध्ये आपोआप जातो म्हणाले होते ना डॉक्टर?

रुचिरा : किडनीला धक्का लागला नसेल तर. तेच बघायला रक्त दिलं आपण.

कमलिनी : चार वर्षं अळणी रांधलं मी त्यांच्यासाठी. काय उपयोग झाला?

रुचिरा : आई, बाबांचं आत्ता नको. 'जास्ती'च्या पुढे काय म्हणाली ती?

कमलिनी : फोन कापला मी.

रुचिरा : कापलास?

कमलिनी : डायलिसिस म्हणाली असती तर? तो शब्द मला तमिळमध्येही कळतो.

रुचिरा : थांब, मीच लावते.

कमलिनी : आधी संजीवला बोलाव ऑफिसातून. बाप आहे तो तिचा.

रुचिरा : तो अण्णा नगरहून येईपर्यंत मला धीर निघायचा नाही. स्पीकरवर टाकते. माझा हात धर.

(बराच वेळ रिंग वाजते.)

फोनवरची मुलगी : सोल्लुंग मॅडम.

रुचिरा : ऋजुताचा रिपोर्ट. उप्पु... उप्पु जास्तीया?

फोनवरची मुलगी : अय्यो, अप्पवे सोन्नेने! उप्पु जास्ती इल्लै. पाट्टी कट पण्णिट्टांग.

कमलिनी : ऐकलंस? जास्तीच म्हणाली.

रुचिरा : आई, त्याच्या पुढचा शब्द ऐक. इल्लै. जास्ती नाही. मघाशीच सांगितलं होतं म्हणते, आजींनी फोन कापला.

कमलिनी : नाही?

रुचिरा : नाही.

कमलिनी : नक्की?

रुचिरा : आजचं नक्की. लघवी अजून सहा महिने तपासत राहायचीय. पण आज नाही.

कमलिनी : तुझ्या बाबांच्या रिपोर्टला कुणी एकदाही 'नाही' म्हटलं नाही गं.

रुचिरा : हो, आई.

कमलिनी : तिला हाक मार.

रुचिरा : आधी वरण गरम कर. मीठ घाल.

कमलिनी : तूच घाल. माझ्या हाताला अंदाज राहिला नाही.